गेममधला गिअर, घाटातला गिअर

(कळंब, जि. यवतमाळ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा काही जण हसले, ते मला कळलं. व्हिडिओ गेमवर व्याख्यान, आणि त्यातही फक्त गिअरवर! पण एक विचार करा. आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर पानटपरीवरही होते. आणि ज्या गोष्टीत आपली पोट्टी रोज तासन् तास घालवतात, तिच्याबद्दल मराठीत आपण काय बोलतो? 'डोळे खराब होतील', 'अभ्यास कर', 'मोबाइल ठेव'. ही झाली तक्रार. समीक्षा म्हणजे ती वस्तू उघडून पाहणं. ती काय सांगते, काय लपवते, कुठे प्रामाणिक आहे आणि कुठे थाप मारते, हे तपासणं. आज मी गाडीच्या गेममधला एकच भाग उघडणार आहे, गिअर.

आणि कळंबमध्ये हे बोलायला मला जास्त आवडतंय. हे गाव नागपूर-यवतमाळ रस्त्यावरचं. इथे चिंतामणीच्या दर्शनाला येणारा माणूस असो की कापूस घेऊन जिनिंगला निघालेला ट्रॅक्टर, गाडी आपल्या दारावरून जाते. या सभागृहात ट्रॅक्टर चालवणारे आहेत, ट्रकवर काम केलेले आहेत, एसटीत आयुष्य काढलेलेही असतील. म्हणजे या विषयाचे खरे परीक्षक तुम्हीच. मी बोलतो ते तुमच्या हाताला पटतं का, ते पाहा.

आधी खऱ्या गिअरबद्दल थोडं. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्या.

इंजिनाला ताकद असते ती एका ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात. फार हळू फिरलं तर बंद पडतं, फार जोरात फिरलं तर तुटतं. चाकाला मात्र शून्यापासून शंभराच्या वेगापर्यंत सगळं हवं असतं. या दोघांचं जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. समजा एका गाडीचं तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर दीड आहे आणि दुसऱ्याचं अडीच. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतंय. तुम्हाला चढ लागला, दुसरा टाकायचा आहे. गाडीचा वेग तोच ठेवून दुसरा पडायचा असेल तर इंजिनाला किती फिरावं लागेल? १५०० ला दीडने भागा, अडीचने गुणा. २५००. म्हणजे त्या एका क्षणात हजार फेरे कुठून तरी आणावे लागतात. वर जाताना उलट. दुसऱ्यात २५०० वर असाल तर तिसरा नीट पडायला इंजिन १५०० पर्यंत खाली यायला हवं.

हे फेरे जुळवायचं काम कोण करतं? जुन्या गाडीत ड्रायव्हर करायचा. क्लच दाबला, दांडा न्यूट्रलमध्ये आणला, क्लच सोडला, रेस दिली, पुन्हा क्लच दाबला आणि खालचा गिअर टाकला. याला आपण डबल क्लच म्हणतो. मधे क्लच सोडायचा का, तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर इंजिन गिअरबॉक्सच्या आतल्या दात्यांना फिरवू शकतं, त्यांना वेगात आणू शकतं. मग दाते एकमेकांत अलगद बसतात. नाही जुळलं तर करकर आवाज येतो आणि सगळी बस मान वळवून ड्रायव्हरकडे बघते. (हशा)

पुढे सिंक्रोमेश आलं. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने ते गाडीत आणलं. शंकूच्या आकाराचे दोन भाग आधी एकमेकांवर घासतात, गती सारखी होते, आणि ती सारखी होईपर्यंत एक कडी दात्यांना आत जाऊच देत नाही. आजच्या कारमध्ये तुम्ही दांडा ढकलता तेव्हा हाताला क्षणभर जो मऊ अडथळा लागतो ना, तो हाच. आतून गिअरबॉक्स सांगतो, थांब, अजून जुळलं नाही. मग म्हणतो, ये.

या व्याख्यानातला माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. गिअर बदलणं म्हणजे आकडा बदलणं नव्हे. ती मागणी असते, आणि यंत्र ती मान्य करतं किंवा नाकारतं. गाडीच्या गेममध्ये जे हरवतं ते हे नाकारणं.

आता गेमकडे येऊ, जरा इतिहासाच्या क्रमाने.

१९८२ साली जपानच्या नाम्को कंपनीचा 'पोल पोझिशन' आला. नाणं टाकून खेळायचं मशीन. त्याला गिअरचा दांडा होता, आणि त्यावर दोनच जागा, लो आणि हाय. १९८६ मध्ये सेगाचा 'आउटरन' आला. पडद्यावर फेरारी टेस्टारोसासारखी लाल उघडी गाडी, शेजारी मैत्रीण, समुद्रकिनारा. गिअर पुन्हा दोनच. खरी टेस्टारोसा पाच गिअरची. मग 'आउटरन' खोटा आहे का? मी म्हणेन, नाही. तो गेम खऱ्याचा दावाच करत नव्हता. त्याला सांगायची होती सुट्टीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवण्याची मजा, आणि त्या मजेत गिअर म्हणजे एकच गोष्ट, 'आता सोड, जाऊ दे'. ते त्याने दोन जागांत सांगितलं. लहान मुलाने काढलेल्या चित्रात घराला दोनच खिडक्या असतात म्हणून आपण त्याला खोटारडं म्हणत नाही.

१९८९ मध्ये अटारी गेम्सने 'हार्ड ड्रायव्हिन' आणला. ही वेगळी जात. त्यात गाडी सुरू करायला किल्ली होती. तीन पेडल होते, क्लच धरून. दांड्याला चार गिअर आणि न्यूट्रल. स्टिअरिंग हाताला उलट जोर द्यायचं. गाडीच्या गणितासाठी डग मिलिकन यांच्यासारखा वाहनशास्त्राचा जाणकार सोबत घेतला होता. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की याच कंपनीच्या लोकांनी गिअरच्या दांड्यासाठी एक पेटंट घेतलं, ते १९९० मध्ये मिळालं. कल्पना काय, तर संगणकाच्या ताब्यातला विरोध दांड्याला द्यायचा, म्हणजे फेरे जुळले नसतील तर खेळणाऱ्याच्या हातालाच ते कळेल. मंडळी, पस्तीसेक वर्षांपूर्वी कोणाला तरी हे नेमकं कळलं होतं की गिअरची गोष्ट डोळ्याची नाही, हाताची आहे.

मग पुढे झालं काय? गेम मशीनमधून घरात आला. कीबोर्ड आला, हातात धरायचा पॅड आला, आता मोबाइलची काच आली. १९९४ च्या पहिल्या 'नीड फॉर स्पीड'साठी 'रोड अँड ट्रॅक' या मोटारींच्या मासिकाची मदत घेतली होती, आणि गिअरच्या दांड्याचे आवाजसुद्धा खऱ्या गाड्यांबरहुकूम आणायचा प्रयत्न केला होता. १९९७ मध्ये जपानमध्ये 'ग्रान टुरिस्मो' आला. त्यात तर तुम्ही गिअरची गुणोत्तरं स्वतः बदलू शकत होता. जगातल्या कितीतरी पोरांना गुणोत्तर म्हणजे काय हे शाळेआधी त्या गेमने शिकवलं असेल. ही फार मोठी गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. पण पाहा, गिअर कानाला आला, आकड्यात आला, आणि हातातून गेला. वरचा गिअर म्हणजे एक बटण, खालचा म्हणजे दुसरं. बटण कधी 'नाही' म्हणत नाही.

इथे कोणी हुशार पोट्टा मला अडवेल. म्हणेल, सर, फॉर्म्युला वनमध्ये पण बटणच असतं. बरोबर आहे. १९८९ च्या मोसमात फेरारीने स्टिअरिंगमागच्या पात्यांवर गिअर आणला, आणि त्या गाडीने ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली, नायजेल मॅन्सेल चालवत होता. तेव्हापासून ती पद्धत रुजली. २०११ मध्ये आपल्या ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली, नारायण कार्तिकेयन त्यात धावला, आणि त्याच वर्षीच्या 'एफ वन २०११' या गेममध्ये ते सर्किट खेळायलाही मिळालं. त्या गेममध्ये बटणाने गिअर टाकणं हे अगदी खरं आहे, कारण खऱ्या ड्रायव्हरच्याही बोटाखाली तेच आहे. फेरे जुळवायचं काम तिथे संगणक करतो. म्हणून माझा आक्षेप बटणाला नाही. माझा आक्षेप आहे तो एकाच बटणाने बस, ट्रक, जुनी कार आणि रेसची गाडी सारखीच चालवण्याला.

आता कसोट्या ठरवू. समीक्षकाने आधी कसोटी सांगावी, मग निकाल द्यावा. गिअरची नक्कल खरी आहे का, हे पाहायला मी चार प्रश्न विचारतो.

पहिला, फेरे जुळले नाहीत तर गिअर नाकारतो का? दुसरा, ओझं वाढलं, चढ आला, तर गिअरचा निर्णय बदलावा लागतो का? तिसरा, उतारावर गिअर गाडीला रोखतो का? आणि चौथा, वाईट सवयीची किंमत नंतर मोजावी लागते का? म्हणजे हाफ क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली तर क्लच प्लेट जळते का?

पहिल्या कसोटीवर बहुतेक गेम पडतात. 'फोर्झा होरायझन ५' घ्या, २०२१ चा, फार देखणा. त्यात क्लचसकट हाताने गिअर टाकायची सोय आहे. ऐकायला किती खरं वाटतं! पण खेळणारी मुलं ती पद्धत का निवडतात विचारा. कारण त्यात गिअर जास्त लवकर पडतो, शर्यत जिंकता येते. अॅक्सिलरेटरवरचं बोट न उचलता क्लचचं बटण आणि गिअरचं बटण एका ठोक्यात दाबायचं. म्हणजे ज्या क्लचचं काम गाडीला क्षणभर थांबवून जुळवून घेणं, तोच इथे वेग चोरायची युक्ती झाला. 'आउटरन'ला मी माफ केलं ते त्याने काही दावा केला नाही म्हणून. इथे दावा आहे आणि अर्थ उलटा झालाय. साधं करून सांगणं वेगळं आणि उलटं करून सांगणं वेगळं.

'असेटो कोर्सा', इटलीच्या कुनोस या कंपनीचा, २०१४ चा. हा जास्त अभ्यासू. त्यात प्रत्येक गाडीच्या माहितीत गिअर वर टाकायला किती वेळ आणि खाली टाकायला किती वेळ, हे मिलिसेकंदात लिहिलेलं असतं. जुन्या गाडीला जास्त, नव्या गाडीला कमी. म्हणजे गिअरला वेळ लागतो एवढं तरी त्याला मान्य आहे. आणि जर्मनीत तयार होणारा 'बीमएनजी ड्राइव्ह' तर चारही कसोट्यांना हात घालतो. त्यात गाडी बंद पडते, गिअर करकरतो, क्लच तापतो, चुकून फार खालचा गिअर टाकला तर इंजिन प्रमाणाबाहेर फिरून खराब होतं, आणि ब्रेक तापून ढिले पडतात. गंमत म्हणजे हा गेम शर्यतीसाठी नाहीच मुळी. लोक त्याला गाड्या आपटायचा गेम म्हणून ओळखतात. (हशा) पण गाडी कशी मोडते हे नीट सांगायचं तर ती कशी चालते हे आधी नीट सांगावं लागतं.

आता घरात वापरायच्या दांड्याबद्दल. २००६ मध्ये लॉजिटेकचा जी-२५ आला. स्टिअरिंग, तीन पेडल, आणि एच आकाराचा सहा गिअरचा दांडा. खऱ्यासारखं वाटतं, यात शंका नाही. पण आत काय आहे? दांडा कुठल्या खाचेत आहे हे ओळखणारी यंत्रणा, बस. तुम्ही क्लच न दाबता दुसरा टाकला तर दांडा सरळ आत जातो. गेमला वाटलं तर तो पडद्यावर न्यूट्रल दाखवेल, करकर आवाज देईल. म्हणजे हात सांगतोय 'पडला', आणि कान सांगतोय 'नाही पडला'. खऱ्या गाडीत असं कधी होत नाही. तिथे हाताला आधी कळतं, कानाला नंतर. १९९० च्या त्या पेटंटमध्ये जी गोष्ट होती, ती आपण अशी सगळे मिळून स्वस्ताईसाठी सोडून दिली. आणि स्वस्त म्हणजे किती, तर या सगळ्या सामानाच्या किमतीत गावात एखादी जुनी दुचाकी येते. ज्या घरात दुचाकीसाठी पैसे साठवायचे आहेत तिथे हे सामान कोण घेणार? तेव्हा आपल्या पोरांचा गिअर हा काचेवरचाच.

आणि तो डाव्या हाताचा की उजव्या, हाही प्रश्न आहे. परदेशात झालेल्या गेममध्ये बहुतेक गाड्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याचा उजवा हात गिअरवर. आपल्या रस्त्यावर ड्रायव्हर उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. बजाजची स्कूटर चालवलेल्यांना विचारा, क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, मनगट फिरवलं की गिअर. कुठल्या मोटरसायकलचे सगळे गिअर खाली, कुठलीचा पहिला खाली आणि बाकी वर. ही आपली शरीराची भाषा आहे. जगातल्या नावाजलेल्या गेममध्ये ती नाही.

मग आपल्याकडे काय खेळतात? 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी'. त्यात आपल्या रस्त्यावरच्या गाड्या आहेत, म्हणून पोट्ट्यांना आवडतो. गिअर टाकायची मात्र गरजच पडत नाही. दुसरा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया', २०१७ पासूनचा, मालेओ या इंडोनेशियातल्या कंपनीचा. यात एक विलक्षण गोष्ट घडली. या गेममध्ये बसचं रूप आपल्याला बदलता येतं, तर आपल्या मुलांनी तिला एसटीचा लाल रंग दिला, लाल परी केली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. त्यांना इंडोनेशियाच्या रस्त्यावर आपली एसटी चालवायची होती. मला हे पाहून भरून येतं, खरं सांगतो. पण समीक्षक म्हणून पुढचं वाक्यही बोललं पाहिजे. त्यांनी एसटीचा रंग नेला, पाटी नेली, हॉर्न नेला. एसटीचा गिअर त्यांना नेता आला नाही.

एसटीचा गिअर म्हणजे काय? जुन्या बसमध्ये ड्रायव्हरमागच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिलंय. कमरेएवढा लांब दांडा, वरचा गोळा तळहाताने गुळगुळीत झालेला. क्लच दाबला, दांडा मधे आणला, आणि तिथे एक थांबा. इंजिनाचा आवाज खाली येतोय, येतोय, आणि मग हात पुढे. तो थांबा का असतो? मोठ्या डिझेल इंजिनाचं फ्लायव्हील जड असतं, फेरे लगेच उतरत नाहीत. २५०० वरून १५०० वर यायला वेळ द्यावा लागतो. ड्रायव्हर तो वेळ कानाने मोजतो. तो घाई करत नाही, कारण घाई केली तर गिअर नाकारेल. गेममध्ये सगळ्यात आधी मरतो तो हा थांबा. तिथे आवाज एका झटक्यात खाली पडतो, जणू इंजिनाला वजनच नाही. माझ्या मते बस-ट्रकच्या गेमची सगळी परीक्षा या एका थांब्यावर करता येते.

'युरो ट्रक सिम्युलेटर २' या झेक कंपनीच्या गेमला, २०१२ च्या, मी इथे गुण देतो. त्यात मागे वीस टनांचं ओझं लावलं की चढावर ट्रक खरंच दमतो, खालचा गिअर वेळेवर टाकला नाही तर वेग गेला तो गेला. एकाच दांड्यावर बारा आणि त्याहून जास्त गिअर वापरायच्या पद्धती त्यात आहेत. उतारासाठी इंजिन ब्रेक आहे, रिटार्डर आहे. आणि लाखो लोक तो खेळतात, ज्यात शर्यत नाही, कोणाला हरवायचं नाही, नुसता माल पोचवायचा आहे. 'खरं केलं तर गेम कंटाळवाणा होतो' असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आता तुम्ही विचाराल, याने फरक काय पडतो? खेळच तर आहे. फरक पडतो, आणि तो तिसऱ्या कसोटीत आहे, उताराच्या.

शर्यतीचा गेम गिअरला वेगाचं साधन समजतो. वर टाका, पळा. पण रस्त्यावर गिअरचं अर्धं काम रोखण्याचं आहे. घाटात चढताना जो गिअर, उतरतानाही साधारण तोच, हे जुने ड्रायव्हर सांगतात, ते उगाच नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना धरून ठेवतं. ट्रकला एक्झॉस्ट ब्रेकची जोड असते. सगळं ओझं ब्रेकवर टाकलं तर ड्रम तापतात आणि पकड जाते. आणि गाडी न्यूट्रलवर टाकून इंजिन बंद केलं तर? एअर ब्रेकला हवा देणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद, कॉम्प्रेसर बंद. दोन-चारदा ब्रेक दाबले की हवेचा साठा उतरायला लागतो. स्टिअरिंग जड होतं.

२० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ, नव्या कात्रज बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, एका मालट्रकने चाळीसहून जास्त गाड्यांना ठोकरलं. आधी सगळ्यांना वाटलं ब्रेक फेल. पण ब्रेक निकामी नव्हते, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, अशी माहिती त्या वेळच्या प्राथमिक तपासातून पुढे आली. मी असं म्हणत नाही की हे गेममुळे झालं. त्याचा गेमशी काडीचा संबंध नाही. मी एवढंच म्हणतो की उतारावर गिअर काढून घेतला की काय होतं, हे ज्ञान माणसाच्या जिवाशी जोडलेलं आहे, आणि पोरगं अठरा वर्षांचं होईपर्यंत हजार तास जी गाडी चालवतं, तिच्यात हे ज्ञान नाही. बहुतेक गेममध्ये उतार असतो तो उडी मारायला.

आणि प्रश्न आता खेळापुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले, ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्या केंद्रात सिम्युलेटर असणं बंधनकारक आहे. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा. आणि जो तिथून उत्तीर्ण होईल त्याला लायसन्ससाठी आरटीओकडे पुन्हा वाहन चालवून दाखवायची परीक्षा द्यावी लागत नाही. योजना वाईट नाही. धुक्यात, पावसात, रात्री गाडी कशी चालवायची हे जीव धोक्यात न घालता शिकवायला सिम्युलेटरसारखं साधन नाही. पण मग गेमच्या समीक्षेचे हेच चार प्रश्न त्या सिम्युलेटरलाही विचारायला नकोत का? तो गिअर नाकारतो का? भरलेल्या गाडीचा आणि रिकाम्या गाडीचा फरक दाखवतो का? उतारावर न्यूट्रल केलं तर शिक्षा देतो का? खरेदीच्या कागदावर पडदा किती इंची आहे हे लिहिलेलं असतं. हे प्रश्न विचारायचे तर ते विचारता येणारी भाषा आधी मराठीत असली पाहिजे. समीक्षा लागते ती अशासाठी.

एक शेवटचा मुद्दा. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. तिला गिअर बदलावा लागत नाही. विजेच्या मोटरला शून्यापासूनच जोर असतो, मध्यस्थाची गरज उरत नाही. चांगलंच आहे ते. ड्रायव्हरच्या डाव्या खांद्याला आणि गुडघ्याला विचारा. पण याचा अर्थ असा की डबल क्लच, तो थांबा, कानाने मोजलेले फेरे, हे सगळं एका पिढीबरोबर संपणार. पुस्तकात ते लिहून उरत नाही, व्हिडिओत नुसतं दिसतं. गेम ही एकच जागा आहे जिथे ते करून पाहता येईल. तेव्हा जी मुलं एसटीला लाल रंग देऊ शकतात, त्यांनी निवृत्त चालकांजवळ बसून तिचा गिअरही लिहावा. आवाज टिपावेत, कुठल्या फेऱ्यांवर हात कसा जायचा ते विचारावं, थांबा सेकंदात मोजावा. हे काम परदेशातली कंपनी करणार नाही, तिला काय पडलंय.

इथे थांबतो. दोन प्रश्न घेऊ.

(एका महिलेने विचारलं की मग मुलाला गाडीचा गेम खेळू द्यावा का.)

ताई, खेळू द्या. फक्त एकदा त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ही गाडी बंद कशी पडते रे? तो म्हणाला पडतच नाही, तर त्याला सांगा की हे चित्र आहे, गाडी नाही. आणि पुढे त्याच्या हातात खरी गाडी द्याल तेव्हा गेममध्ये शिकलेलं काही कामाला येईल असं धरून चालू नका. त्याला पहिल्यापासून शिकवा, उतारासकट.

(मागून एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितलं की त्यांनी बरीच वर्षं बस चालवली, आणि रेस द्यायची ती कानावर, काट्याकडे कोणी पाहत नसे.)

काका, काटा चालू असेल तर पाहणार ना! (हशा) पण तुम्ही जे सांगितलंत ते गेम करणाऱ्यांसाठी फार मोलाचं आहे. आजच्या सगळ्या गेममध्ये फेऱ्यांचा काटा पडद्यावर मोठा करून दाखवतात, तो लाल झाला की मुलगा गिअर टाकतो. काटा झाकून, फक्त आवाजावर खेळता येईल असा गेम पाहिजे. कार्यक्रम झाल्यावर ही चार मुलं थांबणार आहेत, त्यांना तुमचा तो आवाज तोंडाने काढून दाखवा. मीही थांबतो.